सौनापासून नव्वद यार्ड

आर्वो पेल्कोनेनच्या अर्जात एकही खोटा शब्द नव्हता, आणि सगळी पंचाईत त्यामुळेच झाली.

बावीस वर्षं मी ओटर फोर्क्स टाउनशिपची कारकून आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत लोक काय काय लिहितात ते मला विचारा. दोन गाड्यांच्या गॅरेजला सरपणाची खोली म्हणतात, भाड्यानं द्यायच्या घराला कोंबड्यांचं खुराडं म्हणतात. मी चष्मा पुसते, खोकते आणि शिक्का मारते. सुपिरिअर सरोवराच्या या काठावर आठ महिने थंडी असते, त्यात माणसानं माणसाला किती छळायचं? पण आर्वोच्या अर्जाला शिक्का मारता येईना, कारण त्यानं स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

अर्ज होता घरामागे नेमबाजीची जागा बांधण्याचा. एकाच माणसापुरती, पंचवीस यार्ड लांबीची, लहान पॉइंट टू-टू रायफलीसाठी. टोकाला मातीचा दहा फुटी बांध, अलीकडे लाकडी ओटा, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून ओट्यापर्यंत चाकाच्या खुर्चीसाठी उतार. आमच्याकडे स्वतःच्या जमिनीवर बंदूक उडवायला कुणी आडकाठी करत नाही. पण कायमची जागा बांधायची म्हटलं, की टाउनशिपची परवानगी लागते. हा नियम केला त्याला कारण एक शहाणा आहे. त्यानं मातीच्या बांधाऐवजी कुजक्या गवताचे भारे रचले आणि शेजाऱ्याची दुभती गाय मारली.

नियम तसा दोन ओळींचा आहे. गोळी आपल्या हद्दीबाहेर जाता कामा नये. आणि सर्वांत जवळची राहती वास्तू दीडशे यार्डांच्या आत असेल, तर तिथे राहणाऱ्याची लेखी संमती हवी. आर्वोचं शेजारघर म्हणजे मिसेस तुओमेलांचं, ते दोनशे दहा यार्डांवर. तेवढं लिहिलं असतं तर काम दहा मिनिटांत उरकलं असतं. पण राहत्या वास्तूच्या रकान्यात त्यानं आपल्या ठोकळ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'मिसेस तुओमेलांचा सौना. नव्वद यार्ड.'

मी अर्ज त्याच्याकडे फिरवला आणि म्हटलं, "आर्वो, सौना ही काय राहती वास्तू झाली? वाफेनं अंग शेकायची खोली ती. शनिवारी दोन तास वापरतात."

"त्या तिथं जन्मल्यात," तो म्हणाला.

"चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी."

"घर बांधून होईपर्यंत दोन हिवाळे सगळं कुटुंब तिथंच राहिलं. माणूस जिथं जन्मला आणि वाढला, ती राहती जागा नाही तर काय?"

मी कॉर्निश वंशाची. आमचे पूर्वज इथे तांब्याच्या खाणीत उतरले, आणि पोटात मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी गेली की आम्ही कुणाशीही जमवून घेतो. आर्वोसारख्या या फिनिश वंशाच्या लोकांचं तसं नाही. ते जमीन घेतली की आधी सौना बांधतात, मग घर. बाळंतपण तिथे, आजारपण तिथे, आणि माणूस गेला की शेवटची आंघोळही तिथेच. हे मला ठाऊक होतं. पण अर्जात कुणी लिहील असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मी त्याच्या हातात पेन दिलं आणि ती ओळ खोडायला सांगितली. त्यानं पेन नीट टोपण लावून परत ठेवलं.

आर्वो असाच आहे. चौतीस वर्षं त्यानं या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवला. एका नोव्हेंबरात त्यानं हरीण मारलं आणि मग घड्याळ बघितलं, तर शिकारीची वेळ संपून चार मिनिटं झाली होती. जंगलात चिटपाखरू नव्हतं. तरी हा गडी हरीण गाडीत घालून थेट वनरक्षकाच्या दारात गेला. वनरक्षक जेवत होता. तो म्हणाला की तुझं घड्याळ पुढे असेल. आर्वो म्हणाला, नाही, मी सकाळी रेडिओवर लावलंय. त्या वर्षी पेल्कोनेनांच्या घरी हरणाचं मांस शिजलं नाही आणि सिल्वी महिनाभर त्याला 'साडेपाच वाजून चार मिनिटं' अशी हाक मारत होती.

सिल्वी त्याची बायको. ती बोलायची आणि तो ऐकायचा, अशी त्यांची सेहेचाळीस वर्षं गेली. दोघांची ओळख जत्रेतल्या नेमबाजीच्या स्पर्धेत झाली. आर्वो दुसरा आला आणि पहिली कोण आली ते बघायला गेला, तर एक बुटकी, लालबुंद गालांची मुलगी बक्षिसाचा भाजलेला हॅम काखेत मारून उभी होती. पुढे कित्येक वर्षं आमच्या गावातल्या मुली तिच्याकडे रायफल धरायला शिकल्या. मीही शिकले. माझा नेम बघून ती म्हणायची, "नोरीन, तू हरणासमोर उभी राहा, ते हसून हसून मरेल."

जुलैत तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जी बाई फोनवर तासभर बोलून 'बरं, मग थोडक्यात सांगते' म्हणायची, तिच्याजवळ एक 'हं' आणि एक 'नको' एवढंच उरलं. व्यायाम शिकवायला येणारी बाई आर्वोला म्हणाली की शरीर सुधारेल, पण त्यांना काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. आणि नेमकं तिला काहीच हवंसं वाटत नव्हतं. जेवण नको, रेडिओ नको, पाहुणे नकोत. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन मी भांडी आपटली. दुसरं काय करणार?

सप्टेंबरात एके दिवशी तिनं डाव्या हातानं बंदुकीच्या कपाटाकडे बोट दाखवलं. आर्वोनं तिच्या वडिलांची जुनी रायफल रिकामी करून तिच्या मांडीवर ठेवली. दुपारभर ती त्या लाकडावरून हात फिरवत बसली. संध्याकाळी तो रायफल उचलायला गेला तर ती म्हणाली, "नको." या 'नको'चा अर्थ वेगळा होता, आणि तो आर्वोला बरोबर कळला. नेमबाजी क्लबची जागा चाळीस मैलांवर, गाडीत तिला घेरी यायची. म्हणून तो अर्ज. डॉक्टरांनी मान्यता दिली होती. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, आर्वोनं शेजारी बसायचं आणि तिनं डाव्या हातानं चाप ओढायचा.

ओटा दुसरीकडे हलवता आला नसता का? मी जागेवर जाऊन बघितलं. एकीकडे रस्ता, एकीकडे दलदल. चाकाची खुर्ची जाईल अशी कोरडी सपाट जमीन आणि समोर टेकडी, असं एकच ठिकाण. तिथून गोळी टेकडीकडे जाणार आणि मिसेस तुओमेलांचा सौना पार बाजूला, पाठीशी राहणार. धोका कणभर नव्हता, पण अंतर नव्वद यार्ड होतं.

पंचायतीच्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनीही त्याला वाट काढून दिली. सौना ही राहती वास्तू नाही, असं आपण ठरवून टाकू, कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणाची नव्हती. तेवढ्यात मागच्या बाकावरून आर्वो उठला आणि म्हणाला, "माझी आहे."

संमती आणा, असं ठरलं. मला त्याचा इतका राग आला होता की इतिवृत्तात मी त्याचं आडनाव चुकीचं लिहिलं. पंधरा नोव्हेंबरच्या आसपास आमची जमीन गोठते, मग मे महिन्यापर्यंत कुदळ लागत नाही. हाताशी जेमतेम चार आठवडे होते. मेपर्यंत बांध थांबला असता. सिल्वीला हवंसं वाटणं तोवर टिकलं असतं का, हे कुणी सांगावं?

आणि खरं घोडं पेंड खात होतं ते पुढेच. मिसेस तुओमेला आणि आर्वो अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं. त्यांचा नवरा ऊर्हो म्हणजे आर्वोचा जिवलग मित्र. अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो गेला तेव्हा कब्रस्तानाच्या वाटेवर चार फूट बर्फ होता. आर्वोनं पहाटेपासून ती वाट साफ केली, अशी की दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. जमीन गोठण्याआधीच खणून ठेवलेल्या कबरींपैकी एकीत दफन चाललं होतं तेव्हा तो ट्रकमध्ये बसून राहिला. नंतर चर्चमध्ये कॉफीला आला नाही, घरी गेला नाही, एक शब्द बोलला नाही. मिसेस तुओमेला वाट बघत राहिल्या. पुढे त्यांनी वाट बघणं सोडलं आणि त्याचं नाव घेणंही सोडलं.

मी आर्वोला म्हटलं की मी बरोबर येते. तो नको म्हणाला. मी म्हटलं, विचारलं नाहीये, सांगतेय. केशराचे बन भाजले, टोपली काखेत घेतली आणि त्याला पुढे घातलं. दारापर्यंत जाऊन तो दोनदा मागे वळला. शेवटी मीच दार ठोठावलं.

मिसेस तुओमेलांनी रविवारच्या शाळेत आम्हा सगळ्यांना शिकवलंय, त्यामुळे साठीची मीही त्यांच्यासमोर आपोआप ताठ बसते. त्यांनी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला आणि आर्वोकडे न बघता त्याच्यापुढे बशी सरकवली. मी अर्ज पुढे केला. त्या भिंग घेऊन एकेक ओळ वाचू लागल्या. एका ओळीवर भिंग थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आर्वो म्हणाला.

"नोरीननं सांगितलं असेल."

"नोरीननं खोडायला सांगितलं होतं."

मी कॉफीच्या कपात तोंड घातलं. मिसेस तुओमेलांनी भिंग खाली ठेवलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"माझी नात म्हणते, आजी, ती खोली पाडून टाक, जागा मोकळी होईल," त्या म्हणाल्या. "तुला बरी आठवण राहिली. मग ऊर्होच्या वेळी तुझी जीभ कुठं गेली होती?"

आर्वोनं टोपी मांडीवर घेतली. तो बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी तिसरा बन उचलला, आणि तेव्हा तो बोलला.

"मला जमलं नाही. रस्ता साफ करणं तेवढं जमलं. तुमच्यासमोर आलो असतो तर मी उभा राहू शकलो नसतो, म्हणून आलो नाही. मग एक आठवडा गेला, मग लाज वाटायला लागली. मग वर्षं गेली. आमच्या घरी बोलायचं काम सिल्वीचं. आता ती बोलत नाही. तेव्हा कळलं, समोरचं माणूस बोललं नाही की कसं वाटतं. चूक झाली माझी, मिसेस तुओमेला. सही नाही दिलीत तरी चालेल. हे मी सहीसाठी बोलत नाहीये."

मिसेस तुओमेलांनी पेन मागितलं आणि सही केली. सही वाळेपर्यंत कागदावर हात धरून ठेवला. मग अगदी बाजारातला सौदा विचारावा तशा म्हणाल्या, "बांधाला माती कुठली घालणार?"

"घरामागचीच."

"त्या दगडधोंड्यांची? अरे, गोळी दगडावर आपटली तर उलटी यायची. माझ्या सौनावर यायची ती येईल, पण तुझ्या बायकोच्या तोंडावर येईल त्याचं काय?"

आर्वोलाही हे ठाऊक होतं. तो चाळणीनं माती चाळणार होता. आमच्या जमिनीत मातीपेक्षा दगड जास्त, चाळता चाळता नाताळ आला असता. मिसेस तुओमेलांनी खिडकीबाहेर बोट केलं. त्यांचं बटाट्याचं शेत अख्ख्या टाउनशिपमध्ये एकच असं, की फावडं घातलं तर खण् वाजत नाही. मुळात वाळूची जमीन, आणि जे काही दगड होते ते बापानं वेचले, ऊर्होनं वेचले, त्यांनी स्वतः वेचले.

"मी आता बटाटे लावते किती आणि खाते किती," त्या म्हणाल्या. "अर्धं शेत घेऊन जा. पण खड्डा ठेवू नकोस, सारखं करून दे."

बाहेर आल्यावर आर्वो गाडीत बसला आणि पाच मिनिटं किल्ली फिरवायची विसरला.

त्याला मदत मागता येत नाही हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे कुणी मागायची वाट बघितली नाही. मी टपाल कार्यालयात एकदाच मोठ्यानं बोलले, तेवढं पुरलं. शनिवारी सकाळी त्याच्या दारात तीन ट्रॅक्टर होते. बांधाचा गाभा त्याच्याच मातीचा केला आणि नेमाच्या बाजूला चार फूट जाडीची बटाट्याच्या शेतातली वाळू घातली. कुणी ओटा ठोकला, कुणी उतारावर खरखरीत फळ्या बसवल्या, म्हणजे बर्फात चाकं घसरायला नकोत. मी टेप घेऊन सगळं मोजलं आणि नियमात बसतं असं लिहून घेतलं.

पण मलाही काही बोलायचं राहिलं होतं. माझ्या नवऱ्याला, वेसला, फेब्रुवारीतल्या एका वादळी दुपारी छातीत कळ आली होती. रुग्णवाहिका आली, पण पुढे रस्ताच दिसत नव्हता. एकोणीस मैल आर्वोचा ट्रक तिच्यापुढे बर्फ फोडत गेला. वेस त्यानंतर नऊ वर्षं जगला. दोन लेकींची लग्नं त्यानं डोळ्यांनी बघितली. मी दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा आर्वो निघून गेला होता, आणि नंतर त्याला गाठून काही बोलायला जावं तर तो हवेबद्दल बोलायचा. मीही ते राहू दिलं. मिसेस तुओमेलांच्या स्वयंपाकघरात मला कळलं की राहू दिलेलं कसं साचतं. म्हणून त्या शनिवारी मी त्याला बांधाच्या आडोशाला गाठलं.

"आर्वो, वेसच्या वेळचं मी कधी बोलले नाही. तुझ्यामुळे मला तो नऊ वर्षं जास्त मिळाला. मी तुझी फार आभारी आहे."

त्यानं फावड्याची माती झटकली. "रस्ता तर साफ करायचाच होता," तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, "वेस भला माणूस होता." मला तेवढं पुष्कळ झालं.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला, जमीन गोठायच्या दोन दिवस आधी, सिल्वी पहिल्यांदा ओट्यावर बसणार होती. मला बघायला जायचं होतं, पण आर्वो म्हणाला की तिला कुणी नकोय. म्हणून मी मिसेस तुओमेलांकडे गेले. सौनाच्या पायरीवर आम्ही दोघी घोंगडी पांघरून बसलो. तिथून ओटा दिसत नाही, झाडं आड येतात. हलका बर्फ पडत होता.

पहिला आवाज आला. लहान रायफल ती, फळीवर फळी आपटावी एवढाच आवाज. मिसेस तुओमेला म्हणाल्या, "एक." मग बऱ्याच वेळानं दोन. मग तीन. मग काहीच नाही. मी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. तिचा हात गळाला असेल, ती रडत असेल, आर्वोनं खुर्ची मागे वळवली असेल, असं काय काय माझ्या मनात आलं. मिसेस तुओमेलांनी घोंगडीखालून माझा हात धरला. त्या मनात प्रार्थना करत होत्या हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मीही केली, माझी सवय मोडली होती तरी.

चौथा आवाज आला.

थोड्या वेळानं आर्वो शेतातून चालत येताना दिसला, हातात नेमाचा कागद. त्यानं तो मिसेस तुओमेलांच्या हातात दिला. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्या वर्तुळांच्या बाहेर, एक भोक होतं.

"आणि बाकीच्या तीन?" त्यांनी विचारलं.

"वाळूत."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागद उजेडाकडे धरला. एरवी या नेमाची सिल्वीनंच टर उडवली असती.

आर्वो अजून उभाच होता. त्याच्या पापण्यांवर बर्फ साचला होता आणि तो पुसायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "ती बोलली," तो म्हणाला.

"काय बोलली?" मी विचारलं.

"उद्या."

जुलैपासून त्या घरात उद्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. मला रडू आलं, आणि कारकून असले तरी मी ते लपवलं नाही. ऊर्होसाठी, वेससाठी, त्या वाळूसाठी, त्या हट्टी माणसाच्या हट्टी अर्जासाठी, सगळ्यासाठी एकदमच देवाचे आभार मानले.

मिसेस तुओमेलांनी कागद मांडीवर ठेवला. "किती वाजता?" त्यांनी विचारलं. "मी येईन. ती हो म्हणाली तर."

"विचारून येतो," आर्वो म्हणाला आणि वळला. अर्ध्या शेतापर्यंत तो चालत गेला. मग एकाहत्तर वर्षांचा तो माणूस पळायला लागला.